संगणकाच्या कळफलकावरील मोकळ्या कळा

वसंत व्याख्यानमालेच्या श्रोत्यांपुढे वेदान्तापासून अर्थसंकल्पापर्यंत नाना विषय येतात. त्या मानाने आमचा विषय अगदीच बोटभर आहे, आणि तोही अक्षरशः; कारण तो बोटाखाली मावतो. संगणकाच्या कळफलकावर सर्वांत वरच्या ओळीत ‘एफ १’ पासून ‘एफ १२’ पर्यंत बारा कळांची एक रांग असते. इंग्रजीतून आलेले ‘फंक्शन की’ हे त्यांचे नाव आपल्याकडेही रुळले आहे. माणसे वर्षानुवर्षे संगणक वापरतात, पत्रे लिहितात, हिशेब ठेवतात. पण या रांगेकडे त्यांचे बोट क्वचितच वळते. चुकून वळलेच तर पडद्यावर काहीतरी भलतेच उघडते आणि माणूस दचकून हात मागे घेतो.

बाकीच्या कळांवर त्यांचे काम छापलेले असते. या बारा कळांवर मात्र नुसता क्रमांक आहे. शेताच्या तुकड्याला गट क्रमांक असतो, पण त्यात ज्वारी पेरावयाची की ऊस लावावयाचा हे तो क्रमांक सांगत नाही. ते कसणाऱ्याने ठरवावयाचे असते. या कळांचेही तसेच आहे. त्या मोकळ्या ठेवलेल्या जागा आहेत. मग त्या जागांत पेरणी कोणी करावयाची? यंत्र बनविणाऱ्याने, आज्ञावली लिहिणाऱ्याने, की ज्याचे बोट त्या कळेवर पडते त्याने? प्रश्न दिसतो तितका किरकोळ नाही. पण त्याचे उत्तर देण्यापूर्वी कळ म्हणजे काय, हेच प्रथम नीट समजून घेतले पाहिजे.

टंकयंत्राची कळ आणि संगणकाची कळ

कळफलकाचा वंश टंकलेखन यंत्रापर्यंत जातो. अमेरिकेतील मिलवॉकी येथील ख्रिस्तोफर शोल्स व त्याचे सहकारी यांनी १८६८ साली आपल्या यंत्राचे पेटंट मिळविले, आणि १८७४ साली रेमिंग्टन कंपनीने ते विक्रीस आणले. त्या पहिल्या यंत्रावर केवळ मोठी इंग्रजी अक्षरे उमटत. १८७८ च्या पुढील यंत्रात शिफ्टची कळ आली आणि एकाच दांडीवर लहान व मोठे अशी दोन अक्षरे नांदू लागली.

या यंत्रात कळ आणि अक्षर यांचे नाते लोखंडी होते. कळ दाबली की तिला जोडलेली दांडी उसळे, दांडीच्या टोकावरचे अक्षर शाईच्या फितीवर आपटे आणि कागदावर ठसा उमटे. त्या कळेने दुसरे काही करावे अशी कोणास इच्छा झाली, तर त्याला कानस आणि डाग देण्याची सळई घेऊनच बसावे लागले असते. अर्थ धातूत ओतलेला होता.

संगणकाच्या कळफलकात ही दांडी नाही. कळांच्या खाली तारांचे एक जाळे असते, काही तारा आडव्या आणि काही उभ्या. प्रत्येक कळ एका आडव्या आणि एका उभ्या तारेच्या चौकात बसविलेली असते. कळफलकाच्या पोटात एक लहानसा नियंत्रक असतो. तो रात्रीच्या पहारेकऱ्याप्रमाणे सतत फेऱ्या घालीत राहतो. फरक इतकाच की त्याच्या फेऱ्या सेकंदाला कितीतरी होतात. ज्या चौकातील कळ दाबलेली असेल तेथे आडवी व उभी तार एकमेकींस जोडल्या जातात, आणि पहारेकऱ्याला ते तत्काळ कळते. मात्र तो लगेच वर्दी देत नाही. धातूची टोके टेकताना काही सहस्रांश सेकंद थरथरतात, आणि एकदाच दाबलेली कळ अनेकवार दाबल्यासारखी भासते. ती थरथर शमली म्हणजे तो संगणकाकडे एक संकेत पाठवितो. हा संकेत म्हणजे अक्षर नव्हे. तो केवळ एक आकडा असतो.

१९८१ साली आय. बी. एम. कंपनीने जो व्यक्तिगत संगणक बाजारात आणला, त्याचे उदाहरण घेऊ. त्यावर इंग्रजी ‘ए’ ची कळ दाबली की ३० हा आकडा जाई, आणि ती सोडली की त्यात १२८ मिळवून १५८ हा आकडा जाई. डावीकडील शिफ्टचा आकडा ४२. आता मोठा ‘ए’ हवा असेल तर काय होई? आधी ४२ जाई, मग ३०. पलीकडची आज्ञावली मनाशी म्हणे, ‘बेचाळीस आला आहे आणि तो सुटल्याची वर्दी अजून नाही; तेव्हा हा तीस मोठा धरावयाचा.’ म्हणजे लहानमोठेपणाचा निवाडा कळफलकात होतच नाही, तो आज्ञावलीत होतो. त्याच यंत्रावर ‘एफ १’ चा आकडा ५९ होता. आकड्यांच्या दरबारात ३० आणि ५९ यांच्यात काहीही उच्चनीच नाही. तिसाचा अर्थ ‘ए’ असा घ्यावयाचा हा एक संकेत आहे, सर्वमान्य आहे म्हणून टिकलेला. एकोणसाठाचा अर्थ मात्र कोणी आधी ठरवून ठेवलेला नाही.

आपल्या घरातील पेटीकडे पाहिले तर ही गोष्ट अधिक उमजेल. पेटीवर ‘सा’ कोठे असतो? ठरलेला नसतो. एक गायक काळी एकला सा धरतो, दुसरा पांढरी चारला. बाईंचा सा आणखी वेगळ्या पट्टीत असतो. पट्टी दाबली की तिचा ठरलेला नाद निघतो, तो बदलत नाही. पण त्या नादाला सा म्हणावयाचे की पंचम, हे गाणारा ठरवितो, आणि एकदा ठरविले की बाकीचे सारे स्वर त्या निर्णयामागून चालू लागतात. कळेचा आकडा म्हणजे पट्टीचा नाद आणि कळेचा अर्थ म्हणजे गायकाने मानलेला सा. हा भेद ज्याच्या ध्यानात आला, त्याला या विषयाचे अर्धे मर्म कळले असे आम्ही समजतो.

मराठी लेखनातील दाखला

हे तत्त्व आपल्या नित्याच्या मराठी लेखनातही राबत असते. भारतीय लिप्यांसाठी ‘इन्स्क्रिप्ट’ नावाची कळरचना आहे. भारतीय मानक ब्यूरोच्या १९९१ सालच्या आय. एस. १३१९४ या मानकात तिचा समावेश झाला. या रचनेत इंग्रजी ‘के’ च्या कळेवर क आणि शिफ्टसह ख येतो. ‘आय’ च्या कळेवर ग आणि शिफ्टसह घ. अल्पप्राण साध्या बोटाने, महाप्राण शिफ्टसह, अशी ती शिस्त आहे. प्लॅस्टिकची कळ तीच, ती पाठवीत असलेला आकडाही तोच. बदलला तो केवळ पलीकडचा तक्ता, आणि त्या बदलाने इंग्रजी कळफलक मराठी बोलू लागला.

याहून सूचक उदाहरण ‘क्ष’ चे आहे. इन्स्क्रिप्टमध्ये शिफ्टसह सातची कळ दाबली की ‘क्ष’ उमटतो. लिहिणाऱ्याला वाटते, आपण एक अक्षर काढले. पण युनिकोडच्या वहीत त्याच्या तीन नोंदी होतात: २३२५ म्हणजे क, २३८१ म्हणजे हलन्ताचे चिन्ह, आणि २३५९ म्हणजे ष. एका कळेने तीन संकेत एका दमात सोडले. आता आमचा प्रश्न असा की, जी कळ तीन संकेत सोडू शकते, तिने तीनशे का सोडू नयेत? एका कळेसरशी संपूर्ण पत्ता, पत्राचा संपूर्ण मायना, एखादी लांबलचक आज्ञा का उमटू नये? ज्यांना आपण शिकविता येणाऱ्या कळा म्हणतो, त्या या प्रश्नाचेच उत्तर आहेत.

क्रमांकाच्या कळांचा जन्म

‘एफ’ ही अक्षरखूण आणि पुढे क्रमांक, अशा कळा १९६५ साली अमेरिकेतील सिंगर-फ्रायडन कंपनीच्या ‘फ्लेक्सोरायटर प्रोग्रॅमॅटिक’ या स्वयंचलित टंकयंत्रावर आढळतात. मुख्य कळफलकाच्या उजवीकडे ‘एफ १’ ते ‘एफ १३’ अशा तेरा कळा होत्या. त्यांनी काय करावयाचे हे यंत्राच्या पाठीमागील एका फळीवर ठरत असे. त्या फळीला भोके होती आणि त्यांत तारांची टोके खुपसावयाची, जुन्या टेलिफोन केंद्रात जोडणी करीत तशी. तारांची मांडणी बदलली की कळेचे काम बदले. पद्धत ओबडधोबड खरी, पण तत्त्व स्पष्ट होते: कळ समोर, अर्थ पाठीमागे, आणि अर्थ बदलावयाचा तर कळेला हात लावावयाचे कारण नाही.

पुढे १९७१ साली आय. बी. एम. ने मोठ्या संगणकांसाठी ‘३२७०’ ही पडदायंत्रांची मालिका आणली. मोठा संगणक एकच, आणि त्याला जोडलेली अशी पडदायंत्रे पुष्कळ. प्रत्येक अक्षरासाठी मध्यवर्ती संगणकाला त्रास द्यावयाचा नाही, म्हणून माणसाने पडद्यावर सावकाश सर्व मजकूर भरावा आणि मग एक कळ दाबावी. त्यासरशी मजकूर आणि कोणती कळ दाबली याची खूण, असे दोन्ही बरोबर जात. या क्रमांकित कळा काही कळफलकांवर बारा, तर काहींवर चोवीस होत्या. त्यांतील ‘एफ २३’ पुढे आपल्याला पुन्हा भेटणार आहे, तेव्हा वाचकांनी तिला विसरू नये. १९७२ च्या सुमारास ह्यूलेट-पॅकार्डच्या ९८३० ए या टेबलावरील संगणकाने शास्त्रज्ञांना आणि अभियंत्यांना स्वतः शिकविता येतील अशा कळा दिल्या. येथे मात्र मधला तंत्रज्ञ दूर झाला. ज्याचे काम, त्याचीच शिकवणी.

कळेला काम कसे शिकवितात

ही शिकवणी प्रत्यक्षात किती सोपी होती, हे १९८१ च्या दोन यंत्रांवरून दिसते. आय. बी. एम. च्या व्यक्तिगत संगणकाबरोबर ‘बेसिक’ भाषा येत असे. त्यात ‘की’ हा शब्द, पुढे कळेचा क्रमांक, स्वल्पविराम, आणि अवतरणचिन्हांत हवा तो मजकूर, एवढे लिहिले की कळ शिकली. मर्यादा पंधरा अक्षरांची. पडद्याच्या अगदी तळाच्या, पंचविसाव्या ओळीत प्रत्येक कळेला काय शिकविले आहे त्याची पहिली सहा अक्षरे दिसत. कोणी काही शिकविले नसेल तर यंत्राने आपल्या मनाने काही नेमणुका करून ठेवलेल्या असत: पहिली कळ लिहिलेल्या आज्ञा ओळीने दाखवी, दुसरी त्या चालवून पाही. नव्या भाडेकरूला घर देताना मालकाने चार खुंट्या ठोकून ठेवाव्यात तसे हे. पटल्या तर ठेवा, नाहीतर काढा.

दुसरे यंत्र इंग्लंडातील केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीचे, ‘बी.बी.सी. मायक्रो’ या नावाचे. त्याच्या कळफलकावर वरच्या बाजूस शून्य ते नऊ अशा दहा तांबड्या कळा होत्या, आणि त्यांच्या वर एक पारदर्शक पट्टी. त्या पट्टीखाली कागदाचा तुकडा सरकवून आपण शिकविलेल्या कामाचे नाव लिहून ठेवता येई. तारकाचिन्ह, ‘की’ हा शब्द, क्रमांक आणि मजकूर असे लिहिले की काम झाले. मजकुराच्या शेवटी उभी रेघ आणि ‘एम’ लिहिला तर मजकूर उमटल्यावर ‘रिटर्न’ ची कळही आपोआप दाबल्यासारखी होई. म्हणजे नुसते वाक्य लिहिले जात नसे, ते अमलातही येई. हे यंत्र आपल्यालाही अगदी परके नाही. भारत सरकारने १९८४ च्या सुमारास शाळांमधून संगणकसाक्षरतेचा जो ‘क्लास’ प्रकल्प सुरू केला, त्यासाठी हेच यंत्र निवडले होते. त्या काळी ज्या मुलांना संगणक प्रथम शिवावयास मिळाला, त्यांच्या समोरच्या दहा तांबड्या कळा त्यांनी स्वतः शिकवाव्यात अशाच होत्या.

आत काय घडते याचा उलगडा थोडक्यात करू. कळेचा आकडा आला की आज्ञावली एका तक्त्यात पाहते. तक्त्यात त्या आकड्यासमोर मजकूर लिहिलेला असेल, तर ती तो मजकूर एकेक अक्षर करून पुढे सारते, जणू माणसानेच ती अक्षरे भराभर दाबली. पुढच्या आज्ञावलीला दोहोंतील फरक कळत नाही. हा तक्ता तीन ठिकाणी असू शकतो. एक, खुद्द कळफलकात किंवा पडदायंत्रात. आज नियंत्रकालाच नवे धडे देता येतील असे कळफलक मिळतात, आणि ते कोणत्याही संगणकाला जोडले तरी आपली शिकवण बरोबर घेऊन जातात. दोन, संगणकाच्या मूळ कार्यप्रणालीत. तेथे केलेली नेमणूक सर्व आज्ञावल्यांना लागू पडते. तीन, एखाद्या विशिष्ट आज्ञावलीत. तेथील नेमणूक त्या घरापुरती. आपली कळ काम का करीत नाही असा प्रश्न पडला, तर बहुधा या तिघांपैकी कोणीतरी तो आकडा वाटेतच उचललेला असतो.

पेरणी कोणाची?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. ज्या जागा वापरणाऱ्यासाठी मोकळ्या होत्या, त्या हळूहळू आज्ञावल्या लिहिणाऱ्यांनी व्यापल्या. १९८० नंतरच्या दशकात ‘वर्डपर्फेक्ट’ ही लेखनाची आज्ञावली फार लोकप्रिय होती. तिने दहा कळा, प्रत्येक कळ एकटी किंवा शिफ्ट, कंट्रोल अथवा ऑल्टसह, अशी चाळीस कामे वाटून दिली. ती पाठ कोणाला राहणार? म्हणून कळांच्या भोवती ठेवावयाचा एक छापील तक्ता मिळे, त्यावर निळ्या, हिरव्या, तांबड्या शाईत कामांची नावे असत. सरावलेले टंकलेखक या कळांवर वाऱ्यासारखे लिहीत, हे नाकारता येणार नाही. पण मदतीची कळ तेथे ‘एफ ३’ होती. आय. बी. एम. ने १९८७ साली सर्व आज्ञावल्यांनी पाळावेत असे काही संकेत प्रसिद्ध केले, त्यात मदत म्हणजे ‘एफ १’ असे म्हटले. आज तोच संकेत रूढ आहे. एकवाक्यतेचा लाभ मोठा आहे. नव्या माणसाला कोणत्याही यंत्रापुढे बसून ‘एफ १’ वर विसंबता येते. परंतु प्रत्येक संकेताबरोबर एक मोकळी जागा कमी होते, हेही खरे.

या बदलांची किंमत कोणाला मोजावी लागते, ते आम्ही जवळून पाहिले आहे. आमच्या परिचयाच्या एक बाई एका पतसंस्थेत वीस वर्षे हिशेबाच्या नोंदी करीत. त्यांच्या जुन्या आज्ञावलीत ‘एफ १०’ दाबले की नोंद जतन होई. त्यांची नजर चलनावर, डावा हात चलनांच्या गठ्ठ्यावर, आणि उजव्या हाताची करंगळी न पाहता ‘एफ १०’ वर. संस्थेने नवी आज्ञावली आणली. तीत ‘एफ १०’ म्हणजे भरलेला मजकूर टाकून देऊन बाहेर पडणे. पहिल्या दुपारी बाईंच्या कित्येक नोंदी नाहीशा झाल्या. वरिष्ठ म्हणाले, ‘सूचना वाचावयास हव्या होत्या.’ सूचना त्यांनी वाचल्या होत्या. करंगळीने वाचल्या नव्हत्या. वीस वर्षांत जे ज्ञान मनातून बोटात उतरले होते, ते एका दुपारीत कवडीमोल ठरले, आणि दोष मात्र बाईंच्या वयाला लागला. ती कळ जुन्या अर्थाने पुन्हा नेमून घेण्याची सोय त्या आज्ञावलीत असती, तर पाच मिनिटांत काम भागले असते.

यंत्र बनविणाऱ्यांनीही या रांगेवर नाना प्रयोग केले. ॲपल कंपनीच्या १९८४ च्या पहिल्या मॅकिंटॉशवर या कळा मुळीच नव्हत्या, इतकेच नव्हे तर बाणाच्या कळाही नव्हत्या. सर्वांनी माऊसच वापरावा हा आग्रह त्यामागे होता. १९८७ साली त्याच कंपनीने पंधरा फंक्शन कळांचा मोठा कळफलक विकावयास काढला. पुढे २०१६ साली तिने आपल्या काही मॅकबुक प्रो संगणकांवरून ही रांग पुन्हा काढली आणि तेथे काचेची एक उजळ पट्टी बसविली. कामाप्रमाणे पट्टीवरची चित्रे बदलत. वरवर पाहता यापेक्षा अधिक मोकळी कळ असू शकत नाही. कळेचे रूपच बदलते! पण लोकांचे समाधान झाले नाही. चित्र बदलते म्हणून पाहावे लागते, आणि काच सपाट म्हणून बोटाला कड लागत नाही. २०२१ च्या नव्या संगणकांवर खऱ्या कळा परत आल्या.

या प्रयोगाने एक मोठा धडा शिकविला. टंकयंत्रात जागाही पक्की होती आणि अर्थही पक्का. काचेच्या पट्टीवर अर्थही बदलता आणि जागाही बदलती. बोटाला हवे असते ते या दोहोंच्या मध्ये: जागा अढळ आणि अर्थ बदलता. मात्र तो अर्थ बोटाच्या मालकाने बदललेला हवा, परस्पर दुसऱ्याने नव्हे. पेटीच्या पट्ट्या जागच्या हलत नाहीत म्हणूनच गायकाला सा हलविता येतो.

अगदी अलीकडची गोष्ट २०२४ सालची. मायक्रोसॉफ्टने आपल्या ‘कोपायलट’ या कृत्रिम बुद्धीच्या साहाय्यकासाठी कळफलकावर स्वतंत्र कळ असावी असे ठरविले, आणि अनेक संगणकांवर ती उजव्या कंट्रोलच्या जागी येऊन बसली. गंमत अशी की, या नव्या कोऱ्या कळेच्या पोटात नवे असे काही नाही. ती दाबली की डावी शिफ्ट, विंडोजची कळ आणि ‘एफ २३’ या तिन्ही एकदम दाबल्याचा संकेत जातो. तीच ‘एफ २३’, मोठ्या संगणकांच्या चोवीस कळांच्या रांगेतली! आजच्या यू.एस.बी. कळफलकांच्या संकेतसूचीत तिला ११४ हा आकडा आहे. प्लॅस्टिकवर तिचे नाव क्वचितच दिसते, पण आकडा जिवंत आहे. म्हणजे मोकळ्या गटातच कंपनीने आपले पीक घेतले. पुढे त्या कळेवर दुसरी नेमणूक करण्याची सोय विंडोजमध्ये देण्यात आली, हे योग्य झाले. कळेवर चित्र कोणाचेही असो, तिचा आकडा कोणाचीही मालमत्ता नाही.

ज्यांना ही सोय म्हणजे चैन नव्हे

कोणी म्हणेल, ‘दोन-चार कळा वाचल्या म्हणून असे काय मोठे?’ धडधाकट दहा बोटांच्या माणसाला ही चैन वाटणे स्वाभाविक आहे. पण एकाच हाताने काम करणाऱ्याचा विचार करावा. शिफ्ट, कंट्रोल आणि तिसरी कळ एकाच वेळी दाबणे त्याला कसे साधावे? त्याच्यासाठी एकामागून एक दाबलेल्या कळा एकत्र धरण्याची सोय आहे. विंडोजमध्ये शिफ्ट पाच वेळा दाबली की ती सुरू करण्याविषयी विचारणा होते. दृष्टिहीन वाचकांसाठी ‘एन.व्ही.डी.ए.’ नावाची मोफत आज्ञावली पडद्यावरील मजकूर वाचून दाखविते. ती ‘इन्सर्ट’ ची, किंवा हवी असल्यास ‘कॅप्स लॉक’ ची कळ आपल्या आज्ञांसाठी वापरते. त्या कळेसह ‘एफ १२’ दाबले की वेळ सांगते. ज्याला पडदा दिसत नाही त्याचा सारा संसार कळांच्या जागांवर आणि त्यांच्या ठरलेल्या अर्थांवर उभा असतो. अशा माणसाची कळ परस्पर बदलणे म्हणजे त्याच्या घरातील सामान रात्रीतून हलविणे होय.

आपल्या मराठी लिहिणाऱ्यांनाही यात पुष्कळ घेण्यासारखे आहे. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ हे दोन शब्द पाहा; एकांना नमस्कार करावयाचा आणि दुसऱ्यांना स्वयंपाक सांगावयाचा. दुसऱ्या शब्दातील ‘ऱ्य’ काढण्यास इन्स्क्रिप्टमध्ये शिफ्टसह ‘जे’, मग हलन्त, मग य, असा प्रवास करावा लागतो, आणि घाईत माणूस रफारावर भागवून आचाऱ्यांना आचार्य करतो. हा ‘ऱ्य’ एखाद्या मोकळ्या कळेला शिकविता येतो. दस्तलेखकाला खरेदीखतातील नित्याची वाक्ये, शिक्षकाला प्रश्नपत्रिकेचा माथा, संपादकाला आपल्या पत्राचा पत्ता, असे ज्याचे त्याने ठरवावे. त्यासाठी आज्ञावली लिहिता आली पाहिजे असे नाही. ‘वर्ड’ मध्ये कळांची नेमणूक बदलण्याची सोय आहे. विंडोजसाठी ‘पॉवरटॉईज’ ही मायक्रोसॉफ्टचीच मोफत जोड मिळते, आणि तीत एका कळेला दुसरीचे काम किंवा थोडा मजकूर नेमून देता येतो.

जपून पेरावे

मात्र स्वातंत्र्याबरोबर सावधगिरी येतेच. शिकविलेली कळ आंधळी असते. ती शिकविलेला क्रम उच्चारते, समोर काय उघडे आहे ते पाहत नाही. ‘सर्व निवडा आणि पुसा’ असा धडा एखाद्या कळेला दिला, तर ती भलत्या कागदावरही तितक्याच निष्ठेने तो चालवील. तेव्हा ज्या कृतीतून मागे फिरता येत नाही, ती एका कळेवर ठेवू नये. दुसरे, परवलीचा शब्द कधीही कळेला शिकवू नये. ज्याचे बोट पडेल त्याच्यापुढे ती तो ओकून टाकील. हा धोका जुनाच आहे. डिजिटल इक्विपमेंट कंपनीच्या १९८३ च्या ‘व्ही.टी. २२०’ या पडदायंत्रात पंधरा कळांना धडे देता येत, सर्वांच्या धड्यांना मिळून जागा २५६ अक्षरांची. हे धडे दुरून, मोठ्या संगणकाकडूनही भरता येत. म्हणजे दुसऱ्याने आपली कळ परस्पर बदलण्याची वाट उघडीच होती. म्हणूनच त्या यंत्रात कुलूप लावण्याची सोय ठेवलेली होती. कुलूप लावले की बाहेरून धडा बदलता येत नसे.

तिसरे, आपण काय शिकविले ते कागदावर लिहून ठेवावे. बी.बी.सी. मायक्रोवरील त्या पारदर्शक पट्टीचे शहाणपण आज आपण विसरलो आहोत. सामाईक टेबलावर तर ही चिठ्ठी हवीच. आपला सोयीचा अर्थ पुढच्या पाळीच्या माणसासाठी सापळा होता कामा नये. आणि चौथे, एकदम बारा कळा शिकवू नयेत. एक शिकवावी, ती बोटात मुरू द्यावी, मग दुसरी.

एवढे सांगून आम्ही विषय आटोपता घेतो. यंत्रे दिवसेंदिवस शहाणी होत आहेत, आणि आपल्याला काय हवे ते ती आपल्या आधी ठरवू पाहतात. अशा काळात कळफलकाच्या माथ्यावर बारा जागा अशा आहेत, की ज्यांवर अजून केवळ क्रमांक आहे. त्यांतील काहींचे अर्थ रूढीने ठरले आहेत, ते अवश्य पाळावेत; पण निदान दोन-चार तरी आपल्या हाताने शिकवून पाहाव्यात. तसे करण्यात वेळ वाचेल तो थोडाच. खरा लाभ असा की, यंत्राचा अर्थ यंत्रात नसतो, तो माणसाने नेमून दिलेला असतो, ही गोष्ट एकदा बोटाला कळते. आणि बोटाला कळलेली गोष्ट, त्या पतसंस्थेतील बाईंच्या करंगळीप्रमाणे, माणूस सहसा विसरत नाही. पेटी समोर आहे. सा कोठे धरावयाचा, ते गाणाऱ्यानेच ठरवावे.